गुंता सोडवणारी

"हलू नकोस गं, झालंच."

रबरी बोटीच्या टोकाशी गुडघे टेकून ती हे बसएवढ्या व्हेलला सांगायची. डोक्यावर हेल्मेट, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला वाकडं पातं. लहानपणी पिस्कॅटवे गावातल्या घरी आजी तिच्या कुरळ्या केसांचा गुंता काढायची, तेव्हा हेच म्हणायची. समोरची व्हेल नर असली तरी ती तिला "गं"च म्हणे. तुम्ही बोटीत असता तर हसला असतात. आम्हीही सुरुवातीला हसायचो.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, मासेमारीच्या दोरांत अडकलेल्या व्हेल सोडवणाऱ्या पथकात आम्ही दोघं होतो. ती दोर कापायची, मी व्हेलचा माग ठेवणारी यंत्रं सांभाळायचो. मी नागपूरचा, समुद्र सुट्टीत पाहिलेला. ती या देशातच जन्मलेली. "माझं मराठी किचनमधलं आहे, दादा," म्हणायची. तिच्या बोलण्यात दोर 'ती' होती आणि दोरी 'तो'.

लॉबस्टरचे पिंजरे समुद्राच्या तळाशी असतात आणि प्रत्येकाचा दोर वर तरंगत्या बोयापर्यंत येतो. त्या दोरांवरून कोणी कोळ्यांना शिव्या घातल्या की ती चिडायची. "त्यांना कोणाला मारायचं नसतं, यार. त्यांचीपण मुलं आहेत."

एका मार्चमध्ये एक म्हातारी मादी सापडली. डोक्यावरच्या पांढऱ्या खुणांवरून आम्ही तिला ओळखत होतो. तिला आणि तिच्या मोठ्या झालेल्या लेकीलाही. एक दोर शेपटीला होता, दुसरा तोंडातून आरपार गेलेला. शेपटीचा कापला गेला, पण तेवढ्यात वारा उठला. लाटा बोटीत यायला लागल्या.

"अजून एकदा ट्राय करू!" ती ओरडली. कप्तानाने बोट वळवली. परतीच्या वाटेवर ती पाठमोरी बसली होती.

मी तोंडातल्या दोराला लावलेल्या यंत्राचा सिग्नल काही आठवडे फिरत राहिला. मग एका जागी थांबला. मादी किनाऱ्याला लागली तेव्हा आम्ही गेलो. मापं झाली, नमुने घेऊन झाले, पुरायला खड्डा खणणारं यंत्र आलं. ही मात्र तोंडाशी बसून दोर ओढत होती. तो हाडात रुतला होता.

"सोड आता," मी म्हणालो.

"असंच पुरायचं का तिला?"

गर्दीतून एक म्हातारा कोळी पुढे आला. दोराकडे बघत राहिला. "माझा आहे का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी मिळून तो ओढला. बराच वेळ लागला. निघाला तेव्हा म्हातारा वाळूत खाली बसला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग ती स्वतःच रडायला लागली.

त्या शरद ऋतूत तिने नोकरी सोडली. आता पिस्कॅटवेच्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या घरी गेलो. तिच्या आईने, काकूंनी, दारातच हळूच बजावलं, "समुद्राचं काही काढू नका हं." पण चहा गाळता गाळता तिनेच विचारलं, "दादा, तिची मुलगी दिसली का रे?"

"दिसली. एप्रिलमध्ये, केप कॉडच्या उपसागरात."

"बरी आहे?"

"खात होती," मी म्हणालो. ते खरंच होतं.

तिचा चेहरा उजळला. पहिला कप तिने माझ्यासमोर ठेवला.

त्या लेकीच्या शेपटीला दोराचा वेढा होता. आम्ही दोनदा बोट घेऊन गेलो. दोन्ही वेळा बोट जवळ येताच तिने खोल बुडी मारली. त्यानंतर ती कोणालाच दिसलेली नाही.

"साखर बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.