काकूचं तेल

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे, ते थोरलीचं. तिची धाकटी जाऊ भिंतीपलीकडे राहते. धाकटीचा भात मोकळा झाला तरी थोरलीच्या पोटात दुखतं, इतकं त्यांचं सख्य.

गेल्या वर्षी थोरलीच्या लेकीला डेंग्यू झाला. देवाची कृपा, पोर हाती लागली. त्यामुळे दवाखान्याच्या नर्सबाई शाळेच्या वर्गात बायकांना डास पळवणारं तेल करायला शिकवणार म्हटल्यावर थोरली पहिल्या बाकावर. शेजारी नेमकी जाऊ.

खोबरेल तेलात जरासं कडुनिंबाचं तेल आणि थोडा कापूर, असं बाईंनी दाखवलं. जावेपेक्षा आपलं जहाल व्हावं म्हणून थोरलीनं कडुनिंब सढळ हातानं ओतलं. यानं नुसता वास वाढेल, असं बाई म्हणाल्या. तिनं ते कानामागे टाकलं.

मग एकदा लेकीच्या धुतलेल्या फ्रॉकवर इस्त्री फिरवली आणि कडुनिंबाचा भपकारा आला. दटावल्यावर पोरीनं कबूल केलं. आईनं लावलेलं तेल ती फ्रॉकला पुसून टाकत होती आणि संध्याकाळी काकूकडून चोळून घेत होती. थोरलीचा तिळपापड झाला. तशीच पलीकडे गेली.

"माझ्या पोरीला फितवतेस होय गं?"

"ती नाक दाबत येते, जाऊबाई. दार लावून घेऊ?"

"घे लावून."

धाकटीनं दार लावलं. पोर ना आईचं लावून घेई, ना काकूचं मिळे. आठवडाभरात तिच्या पोटऱ्यांवर गांधी उठल्या. त्या बघून थोरलीच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली सलाईन आली. तिनं निमूटपणे नवं तेल केलं, अगदी बाईंच्या मापानं. वास जावेच्या तेलाचाच. पोरीनं हुंगलं, छान आहे म्हणाली आणि पाय मागे घेतले.

"काकू गोष्ट सांगत लावते."

थोरलीनं बाटलीला बूच लावलं. मग भिंतीवर थाप मारून म्हणाली, "पाठवतेय हिला. कानामागेही लाव."

आता रोज संध्याकाळी पलीकडून हसणं ऐकू येतं आणि इकडे एकाच शर्टावर पुन्हापुन्हा इस्त्री फिरते. देवापुढे हात जोडले की थोरली लेकीसाठी आयुष्य मागते, नवऱ्यासाठी मागते. जावेसाठी काही मागत नाही. पण हल्ली वाईटही मागत नाही.