गिरणीच्या भिंतीपलीकडचा डाव

गिरणीच्या तोंडात मी ज्वारी ओतली की तो आवाज पलीकडे बरोबर ऐकू जायचा. मग भिंतीवर ठकठक, आणि मागोमाग हाक. "मावशी, थांबा, राक्षस मरायलाय."

इकडे गिऱ्हाईक उभं, त्याच्या घरी चूल पेटलेली, आणि मी थांबायचं कशासाठी, तर शेजारच्या पन्नाशीच्या बाप्याचा संगणकातला राक्षस मरेपर्यंत. असे शेजारी तुमच्याही वाट्याला आले असतील. कुणाचा रेडिओ असतो, कुणाचं कुत्रं. माझ्या वाट्याला हा आला.

सेलूत आमची घरं भिंतीला भिंत लागून. वीज एकाच खांबावरून. माझी मोटार सुरू झाली की त्याच्याकडचा दिवा पिवळा पडायचा, संगणक बंद व्हायचा आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी तग धरायला बॅटरी असते म्हणे. त्याची कधीच बाद झाली होती. धंदा मोबाइल दुरुस्तीचा. सगळ्या गावाचे मोबाइल नीट करायचा आणि स्वतःची बॅटरी "उद्या आणतो". तो उद्या मी काही पाहिला नाही.

जवानीत त्याचं बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कपाटासारखी उभी यंत्रं, पुढं धरायला खुंटा, बाजूला बटणं. शाळा बुडवून पोरं तिथं पडलेली असायची. माझा थोरला तिथंच सापडायचा. मी दारात उभी राहून त्याच्या दुकानाला शिव्या घातल्या आहेत आणि त्या परत घेतलेल्या नाहीत. पुढं दुकान बसलं. यंत्रं भंगारात गेली, पण याने एकाचा खुंटा आणि बटणं काढून लाकडी खोक्यावर बसवली, आणि कुठून कुठून ते सगळे जुने खेळ घरच्या संगणकावर आणले. मोबाइलच्या दुकानातून आला की चप्पल काढायच्या आधी संगणक चालू. रणगाड्यांचा, विटा रचायचा, मारामारीचा. सगळे हजारदा खेळून झालेले.

"अरे, हा काल जिंकलास ना? मग आज परत कशाला?" मी एकदा विचारलं.

"मावशी, तुमी रोज तीच ज्वारी दळता की."

"ती लोक खातात. तुझा राक्षस कोण खातंय?"

तो नुसता हसला. त्याला राग यायचा नाही, त्याचा मला जास्त राग यायचा.

एकदा बायको त्याला गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवायला सांगून बाजारात गेली. करपल्याचा वास भिंत ओलांडून माझ्यापर्यंत आला. मी जाऊन गॅस बंद केला तर हा तिथंच, चार हातांवर. म्हणाला, "वास आला मला, पण हात मोकळा नव्हता."

त्याची पोरगी मात्र शहाणी. नर्सिंग शिकलेली, कमी बोलणारी. तिची दोन स्थळं फिसकटली होती. त्यातलं एक तर बाप दिवसभर गेम खेळतो हे ऐकूनच परत फिरलं. तिसरं मी आणलं. गिरणीवर बसलं की कुणाचा पोरगा नोकरीला लागला हे आपोआप कळतं. मुलगा परभणीला नोकरीला, घर जिंतूरकडचं, शेती बरी. मी माझा शब्द टाकला होता. हेही मोडलं असतं तर पोरीच्या नावाने लोक बोलायला लागले असते.

पाव्हणे आले त्या दिवशी त्याच्या बायकोने संगणक आणि खोकं टॉवेलाखाली झाकलं. मी त्याला बजावलं, आज हात खिशात ठेव.

पोहे झाले. मुलाचा बाप हात धुवायला उठला आणि त्याच्या धक्क्याने टॉवेल खाली पडला. मोठ्या मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस. तो खोक्याकडे बघतच राहिला.

"हा खुंटा बसस्टँडच्या दुकानातला न्हाई का?"

बापाबरोबर कापसाची गाडी घेऊन तो सेलूला यायचा म्हणे. गाडी रांगेत उभी की हा दुकानात. झालं. दोघं मांडीला मांडी लावून बसले. मारामारीचा खेळ, एक गडी याचा, एक त्याचा. मला वाटलं, बरं झालं, सोयरीक जुळली.

आपल्याकडे मुलीच्या बापाने नमतं घ्यायची रीत आहे. मला ती कधी पटली नाही. पण स्थळ घरात येऊन बसल्यावर ती मोडायची नसते, एवढी अक्कल शेंबड्या पोरालाही असते. याने पाव्हण्याला हरवलं. पुन्हा हरवलं. तिसऱ्यांदा तर पाव्हण्याच्या गड्याला हात उचलू दिला नाही. पाव्हण्याच्या मिशा थरथरायला लागल्या. नवरा मुलगा खाली बघत होता. याची बायको खोकत होती. पोरगी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. मी याच्या पायावर पाय दिला.

"मावशी, पाय काढा," तो म्हणाला. मान वळवली नाही.

"आता शेवटचा," पाव्हण्याने बाह्या सारल्या. त्यातही त्याचा गडी अर्धमेला झालेला मी पाहिला. मग मी मागच्या दाराने गिरणीत गेले आणि दाणा न घालता खटका दाबला. गिरणीचे दगड एकमेकांवर घासून किंचाळले. भिंतीवर ठकठक झाली नाही, त्याला वेळच मिळाला नाही.

परत आले तर पडदा काळा.

"जिंकतच आलो होतो," पाव्हणे म्हणाले.

याने तोंड उघडलं. पोरीने त्याच्यासमोर पाण्याचा पेला धरला. "बाबा, पाणी घ्या." त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला.

"डाव राहिला," पाव्हणे उठता उठता म्हणाले. "आता लग्नानंतर बघू."

असं लग्न ठरलं. दुसऱ्या दिवशी हा गिरणीत आला आणि एवढंच बोलला, "रिकामी फिरवलीत, मावशी. आवाजावरून कळलं. दगड खराब होतात तशानं."

लग्न झालं. व्याही आले की पहिलं विचारायचे, बसायचं का? आणि याची दर वेळी नवी कारणं. डोळे दुखतात, खुंटा ढिला झालाय, वीज जायची वेळ झालीय. करपणाऱ्या दुधासाठी न उठणारा हा माणूस व्याही येणार म्हटलं की स्वतःच्या हाताने संगणकावर टॉवेल टाकायचा. मी विचारलं तर म्हणाला, "जिंकलो तर पोरीला तरास, हरलो तर मला. ऱ्हाऊ द्या बाकी."

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. परभणीला नेईपर्यंत आटोपलं.

तेराव्याला पंगती उठल्यावर व्याही टॉवेल काढून खोक्यासमोर बसले. सुनेला म्हणाले, "तो खेळ लाव, दोघांचा." तिने लावला. मी गिरणी सुरू करायची का विचारायला गेले होते, तशीच दारात थांबले. पडद्यावर दोन गडी समोरासमोर. व्याह्यांचा हात खुंट्यावर, पण त्यांनी तो हलवला नाही. समोरचा गडी मुठी वळून जागच्या जागी हलत उभा होता. वर आकडे उलटे पळत होते. ते शून्यावर आले आणि इंग्रजीत काहीतरी उमटलं.

"काय झालं?" मी पोरीला विचारलं.

"बरोबरी," ती म्हणाली.

मी गिरणीत आले. ज्वारी ओतली, खटक्यावर हात ठेवला आणि हात तसाच राहिला. समोरच्या बाईने डबा पुढे सरकवला.

"दळा की मावशी, कशाची वाट बघायलाव?"

मी खटका दाबला.