मुठीतला प्रसाद

माझी मूठ उघडेना म्हणून मॅडमनं माझ्या कानाखाली वाजवली. वेदीसमोर. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना चालू असताना. तेव्हा मी तिसरीत होते आणि तो माझा पहिला ख्रिस्तप्रसाद होता.

दुसरी बसली तेव्हा ओठ फुटला. मग तिनं माझ्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट ओढला. पिनांसकट केस आले. पांढरा फ्रॉक तिनंच दिलेला, त्यावर रक्त सांडलं याचा तिला आणखी राग. बाई मुंबईची. टोकावड्याच्या अलीकडं तिचा बंगला. चर्चचे पत्रे तिच्या पैशाचे, म्हणून पहिला बाक तिच्या घरचा.

शेवटी बोटं मागं वाकवून तिनं मूठ उघडली. आत प्रसादाच्या पातळ चकतीचा चुरा झाला होता.

"चोरटी जात," ती म्हणाली.

आम्ही कातकरी. ही शिवी आम्हाला नवी नव्हती. पण मी चोरी केली नव्हती. आय घरी तापानं फणफणली होती. आमच्या वाडीत प्रसाद जत्रेचा असो की पूजेचा, कुणी एकट्यानं खात नाही. घरी नेतात, आजारी माणसाला आधी देतात. सिस्टरनं ख्रिस्तप्रसाद हा शब्द घोकून घेतला होता. त्यातलं प्रसाद तेवढं मला कळलं. तो तिथंच खायचा असतो, हे कुणी सांगितलंच नाही.

फादर खाली बघत राहिले. शनिवारी मला कन्फेशनला बसवलं, त्यांच्यापुढं पाप कबूल करायला. गुडघे टेकून मी म्हटलं, मी देवाची चोरी केली. आय तशीच तापात बंगल्यावर गेली आणि तिनं मॅडमचे पाय धरले. मार मी विसरले असते. ते पाय धरणं नाही विसरले.

दहावी झाली त्या वर्षी मॅडमची सासू अंथरुणाला खिळली. फादर प्रसाद घेऊन बंगल्यावर निघाले, मेणबत्ती धरायला मला नेलं. चकचकीत डबीतून त्यांनी प्रसाद काढला, म्हातारीच्या जिभेवर ठेवला. मॅडम हात जोडून उभी. गरम मेण माझ्या मनगटावर सांडत होतं, मला कळतही नव्हतं. म्हणजे प्रसाद घरी नेता येतो. आजारी माणसाला देता येतो. तिच्या सासूला नेला तर सेवा, माझ्या आयला नेला तर चोरी. बंगल्याची एकेक काच फोडावी असं वाटलं.

काच नाही फोडली. वाडीतली पोरं पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी शिकवायला घेतली. चपातीचे तुकडे हातावर ठेवून सराव घेते. घरी कुणी आजारी असलं तर मला सांगा, फादर येतील, हे आधी सांगते.

यंदा सोम्यानं तरी मूठ मिटलीच. त्याची आय बाळंतपणानंतर अंथरुणातून उठलीच नव्हती. मला सांगायला लाजला. मॅडमचे केस पिकलेत, हात तोच. बाकावरून उठली, पोराचं मनगट पिरगळलं, दुसरा हात उगारला. तो मी वरच्या वर धरला. असा आवळला की तिच्या घड्याळाचा पट्टा तुटला.

"सोड, कातकरणी."

"पोराला हात लावलास तं मोडीन," मी म्हटलं. "तो चोर नाय. आयसला नेतोय."

तिला कधी कुणी अगंतुगं केलं नव्हतं. तिनं पोराचं मनगट सोडलं. मी सोम्याजवळ बसले.

"खा रे. तुझ्या आयसला फादर घेऊन येतील."

मग फादरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवेपर्यंत नजर काढली नाही. मिस्सा संपल्यावर ते वाडीचा चढ चढले, सोम्याच्या आयला प्रसाद दिला. उतरताना मला म्हणाले, वेदीसमोर हात टाकलास, शनिवारी कन्फेशनला ये.

मी गेले नाही. जाणारही नाही. पहिल्या बाकावर आता मी वाडीतली माझी पोरं बसवते. पुन्हा त्यांच्यावर हात उठला तर तो मोडीन. वेदीसमोरच मोडीन. आणि ते पाप म्हणून कुणापुढंही सांगणार नाही.