क्वार्टर्समागचे सुरवंट

आम्ही जुने चंदीगडकर कुणाच्याही घरी चहाला जमलो आणि एखाद्यानं सहज मान खाजवली, तरी दुसरा लगेच कप खाली ठेवून विचारतो, "काय हो, सुरवंट तर नाही ना?" झालं! पुढचा तासभर सुटका नाही. एकाचा किस्सा संपत नाही तोवर दुसऱ्याला आपला आठवतो. आज हसतो आम्ही. तेव्हा कुणालाही हसू येत नव्हतं.

सत्तरच्या दशकात आम्ही तीन मराठी कुटुंबं केंद्र सरकारच्या क्वार्टर्समध्ये एका ओळीत राहत होतो. आम्ही साताऱ्याचे, बिडवई अकोल्याचे, खानोलकर मालवणचे. मागे झाडांची रांग. पावसाळा लागला की त्या झाडांवर केसाळ सुरवंट धरायचे. ऑगस्टपर्यंत पानं कमी आणि सुरवंट जास्त! नुसता अंगाला घासला तरी केस कातडीत रुतायचे, आग आग व्हायची, गांधी उठायच्या. लख्ख उन्हातसुद्धा आम्ही बायका छत्री उघडून कपडे वाळत घालायला जायचो.

* * *

एकदा आमचे हे सकाळी ऑफिसला गेले आणि अकरा वाजता परत दारात उभे. मानेपासून खाली लालभडक पुरळ, चेहरा मात्र पांढराफटक.

"जवळ येऊ नकोस. शुभाला आत ने," हे लेकीकडे बोट दाखवत म्हणाले. "साहेब म्हणतात, देवी असतील."

त्या काळी देवी हा शब्द ऐकला तरी हातपाय गार पडायचे. साहेबांनी ह्यांची खुर्चीसुद्धा उन्हात काढायला लावली होती म्हणे! मी ट्रंक उघडून लसीची सर्टिफिकिटं शोधायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या बीजी आल्या. बीजी म्हणजे बाजूच्या सरदारजींच्या आई, साठीच्या, अंगानं धिप्पाड. मी "बीजी, अंदर मत आओ" म्हणतेय तोवर त्यांनी ह्यांना शर्ट काढायला लावला, बनियन उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आतून सगळीकडे बारीक करडे केस! आदल्या दिवशी तो झाडाखालच्या दोरीवर वाळत होता.

पंजाबात देवीला माता म्हणतात. बीजी ह्यांच्या पाठीवर थाप मारायला गेल्या, मग हात आवरून म्हणाल्या, "माता निकली है तो बनियान को निकली है, पुत्तर. तू तो ठीक है!"

* * *

त्याच दिवशी बीजींनी आम्हाला औषध शिकवलं. घट्ट कणकेचा गोळा घ्यायचा आणि दुखऱ्या जागेवरून अलगद फिरवायचा. केस कणकेला चिकटून येतात. मग साबण, थंड पाणी, कॅलामाइन. चोळायचं मात्र नाही. चोळलं की केस आत गेलेच.

बिडवईंचा या कणकेवर विश्वास नव्हता. ते शिकले-सवरले इंजिनियर. पोटरीला सुरवंट लागला तेव्हा त्यांनी मेडिकल प्लास्टर आणलं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चिकटवलं आणि डोळे मिटून एका झटक्यात ओढलं. किंकाळी आमच्या घरी ऐकू आली! मी धावत गेले तर ते प्लास्टर हातात धरून बायकोला विचारत होते, "यातले सुरवंटाचे कोणते अन् माझे कोणते, ते सांग!"

* * *

बिडवई वहिनी मात्र कणकेच्याच. एकदा संध्याकाळी बिडवईंचे साहेब जेवायला यायचे होते आणि वहिनींच्या मनगटाला कोथिंबिरीच्या वाफ्यात सुरवंट लागला. त्यांनी परातीतली कणीक घेतली, गोळा फिरवला, हात धुतला, स्वयंपाकाला लागल्या. पोळ्या झाल्या. साहेब आले. साहेबांच्या ताटात चौथी पोळी पडली आणि वहिनी स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "अवो बाई, तो गोळा मी कुठं टाकला?"

आम्ही केराचा डबा पाहिला. मोरी पाहिली. ओटा पाहिला. मग दोघी परातीकडे बघत उभ्या राहिलो. परात रिकामी!

साहेबांना सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं आणि घसा सुजला तर? वहिनी दाराआडून त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. साहेब खाकरले की वहिनींचा हात कपाळाला! दुसऱ्या दिवशी बिडवई वेळेआधी तासभर ऑफिसात जाऊन बसले. साहेब आले, आणि आल्या आल्या त्यांना केबिनमध्ये बोलावणं.

"बिडवई, कल की रोटी..." साहेब म्हणाले आणि थांबले. बिडवईंनी टेबल धरलं.

"आटा कौन-सी चक्की का है, यार?"

* * *

खानोलकरांचं मात्र चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. ते ड्राफ्ट्समन. नकाशे काढायचे. केसाएवढी रेघ हातानं मारणारा माणूस! रविवारी झाडाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होते. डोळ्यात काहीतरी गेलं आणि ज्याची भीती तेच केलं. डोळा चोळला.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी भिंगाखाली पाहिलं आणि सांगितलं, सुरवंटाचे केस बुबुळात रुतलेत. एकेक करून काढू. सगळे निघतील असं सांगता येत नाही. डोळा हलू नये म्हणून दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि बजावलं, हात डोळ्याकडे जाता कामा नये!

मग आम्ही पाळ्या लावल्या. कुणीतरी जवळ बसून त्यांचे हात धरायचे. खानोलकर वहिनी तर तिथून उठायच्याच नाहीत, त्यांना जबरदस्तीनं जेवायला पाठवावं लागायचं. एका दुपारी मी बसले होते. माझ्या हातातच त्यांचा अंगठा आणि बोटं पेन्सिल धरल्यासारखी जुळली.

"वयनी, माका परत रेघ मारूक जमात ना?"

मी "जमेल हो" म्हणाले.

बाराव्या दिवशी पट्ट्या सुटल्या. एक केस खोल होता, तो डॉक्टरांनी आतच राहू दिला. बाकी डोळा वाचला. आम्ही सगळे खाटेभोवती श्वास धरून उभे. खानोलकरांनी डोळे किलकिले केले, खिडकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिच्याकडे बघतच राहिले.

"गो, तुझे केस कधी पिकले?"

* * *

आता आमच्या शुभाचा किस्सा. खरं तर हा सगळ्यात आधीचा. आम्ही दिल्लीहून बदलून येऊन महिना झाला नव्हता. हिंदी जमायचं, पंजाबी अजिबात नाही. शुभा सहा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत!

रविवारी दुपारी बीजी तिला कडेवर घेऊन आल्या. शुभा हमसून हमसून रडत होती, दंडाला हळदीचा फडका बांधलेला.

"कुड़ी नूं भब्बू कुत्ता लड़ गया!" बीजी म्हणाल्या.

मला एकच शब्द कळला. कुत्ता! भब्बू हे नाव असणार.

"किसका कुत्ता है, बीजी?"

"किसी का नहीं. आजकल बहुत घूमते हैं."

हे चपला घालत बाहेर आले. "कुत्ता कहां है? दस दिन देखना पड़ता है!"

"मार दिया जी. चप्पल से."

मी बीजींच्या दंडांकडे पाहिलं. माझा विश्वास बसला.

"मारा?" ह्यांचा आवाज चिरकला. "बीजी, उसे दवाखाने लेके आओ! डॉक्टर को दिखाना पड़ेगा."

"अच्छा जी," म्हणून बीजी वळल्या.

फडका सोडून बघायची माझी हिंमत झाली नाही. स्कूटरवर शुभाला छातीशी धरलं. डोळ्यांपुढे पोटातली चौदा इंजेक्शनं.

"केवढा होता गं?"

"छोटा."

"पिल्लू होतं?"

"पता नहीं. बहुत बाल थे."

"भुंकला?"

"नहीं."

न भुंकता चावतो तो पिसाळलेलाच! ह्यांनी वेग वाढवला.

"तू त्याला दगड मारलास का? खरं सांग."

"नहीं मम्मी! वो तो पेड़ से गिरा. मेरे ऊपर."

"अहो!" मी ओरडले. "पोर बरळायला लागली!"

दवाखान्यात डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "कुत्ता कहां है?"

"आ रहा है," हे म्हणाले.

"आ रहा है?"

"मतलब, मरा हुआ है. पड़ोसन ला रही हैं."

डॉक्टर फडक्याची गाठ सोडायला लागले आणि बाहेर सायकलरिक्षा थांबली. बीजी आत आल्या. दोन्ही हात रिकामे. त्यांनी ओढणीच्या टोकाची गाठ सोडली, आतून काडेपेटी काढली, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि बोटानं उघडली.

"लो जी. भब्बू कुत्ता."

आत चेपलेला, बोटाएवढा, करडा केसाळ सुरवंट.

डॉक्टरांनी काडेपेटीत पाहिलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. मग चष्मा सारखा करून, अगदी गंभीरपणे विचारलं,

"पागल तो नहीं था?"