बाजूनं का इरोधात?

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षी सामान्य माणसाची प्रतिक्रिया रेकॉर्ड करून आणायची होती. सोलापूरच्या बसस्टँडवर मंद्रूपच्या गाडीची वाट बघत एक काका बसले होते. मी माइक पुढे करून पाणीटंचाईबद्दल विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"बाजूनं बोलू का इरोधात?"

"टंचाईच्या बाजूनं?"

"काल तुमच्याच वर्गातल्या पोरींना दोनी दिलं की."

"काका, तुमचं स्वतःचं मत सांगा."

ते विचार करू लागले. मंद्रूपची गाडी आली आणि गेलीसुद्धा.

"उद्या ये पोरी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधीच येऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

"लई हुडकलं," ते ओशाळून म्हणाले, "पर सापडंना."

मी तेवढंच रेकॉर्ड केलं आणि जमा केलं.