सडक्या बटाट्यांचा आलेख

केसाहून बारीक फळ्यांवर मी तीन वर्षं घालवली, हे सांगायची आता लाज वाटते. पोहण्याच्या तलावावर उडी मारायला असते ना, तशी एकेक फळी. तिच्यावर खास रेणूंचा थर चढवायचा. सडत्या बटाट्याचा वास त्या रेणूंना चिकटला की फळी किंचित वाकते, आणि कोठारातला माल नासू लागल्याचं वेळेत कळतं. लंडनच्या लॅबमधलं माझं काम एवढंच. कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं आणि माझा नि नवऱ्याचा, दोघांचा व्हिसा त्यावरच टांगलेला.

फळ्या वाकत होत्या. चांगल्या बटाट्याला ढिम्म, सडक्याला मात्र झक्क. प्रोफेसरबाईंनी तो आलेख मुदतवाढीच्या अर्जात पहिल्याच पानावर घातला.

चांगला बटाटा मी सकाळीच तपासून घ्यायचे, सडका मात्र जेवणानंतरच उघडायचे. सकाळी उघडला तर शेजारचे नाक दाबून कुरकुरत. कोण त्यांच्या तोंडी लागणार? दुपारपर्यंत माझं डोकं चढलेलं असायचं. हॅरोहून ट्रेनमध्ये उभ्याने येण्याचा शीण, दुसरं काय. मग कपाळाला आईने पाठवलेला बाम चोळायचा आणि यंत्रावर वाकायचं.

जानेवारीत बाम संपला. त्या आठवड्यात सडक्या बटाट्यालाही फळ्या हलेनात. मी नळ्या बदलल्या, चिप बदलली, हीटिंगला शिव्या घातल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा. बामची नवी बाटली आली, त्याच दुपारी फळ्या पुन्हा वाकल्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कपाळाला बाम होताच; बटाटा न घालताच यंत्राचं झाकण उघडून वाकले. फळ्या छान वाकल्या.

रडूसुद्धा आलं नाही. नुसतं दमल्यासारखं झालं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आधी एक्स्टेन्शन तर होऊ दे. मग सांग ना आरामात. कुणाला कळणारे?"

खरं तर मलाही तेच हवं होतं. दोन दिवस गप्प बसले, पण तो आलेख बघवेना. तिसऱ्या दिवशी प्रोफेसरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि अर्ज मागे घेऊ म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

स्टेशनवरून नवऱ्याला फोन केला. म्हटलं, "सांगितलं मी."

तो म्हणाला, "बरं. फ्लॅटची नोटीस किती आधी द्यावी लागते गं?"