घरचे माणूस

माझे सासरे घरातल्या कुणालाही हातातले काम सुखाने पुरे करू देत नसत. भाकर थापून झाली, ती तव्यावर टाकायला मी हात उचलला, की दारातून आवाज यायचा, "हालू नोको!" मग हात तसाच अधांतरी, हातावर भाकर, खाली तवा तापून धुरावलेला, आणि दारात एक डोळा मिटून मामंजी उभे. त्यांचे पाहून झाले की "हं, टाक आता" म्हणून निघून जात. जेवताना भाकर करपल्याची तक्रार मात्र सगळ्यांत आधी त्यांचीच.

लग्न होऊन मी आसेगावात आले, ती दुसरी लढाई लागायच्या बरीच आधीची गोष्ट. सासरे चित्रे काढतात एवढे माहेरी कानावर आले होते. मला वाटले, शेतीतून फावला वेळ मिळाला की काढत असतील. आल्यावर कळले, की चित्रांतून फावला वेळ मिळाला तर ते शेती पाहत. कापूस वेचायला बायका वावरात गेल्या, की देखरेखीला म्हणून हेही जायचे. किती कापूस घरी आला ते त्यांना ठाऊक नसे. पण मावळतीचा उजेड कुणाच्या लुगड्यावर कसा पडला होता, हे जेवण संपेपर्यंत ऐकवत. त्यामुळे माझ्या यजमानांनी मिसरूड फुटायच्या आतच सगळी शेती अंगावर घेतली होती. बापावरचा राग ते बैलांवर ओरडून काढत.

हे वेड लावले नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका माणसाने. कारंज्याला एक नाटक कंपनी आली आणि तिथेच मोडली. पडदेवाला रिकामा झाला. मामंजींनी त्याला बैलांच्या दमणीत बसवून घरी आणले. पावसाळाभर तो आमच्या ओसरीवर जेवला, आणि जाताना मामंजींना तेलरंग कालवायला आणि चौकटीवर मांजरपाट ताणायला शिकवून गेला. पुढे कैक वर्षांनीही त्याचे नाव निघाले, की सासूबाई बोटे मोडत. त्यांचेही बरोबर होते. स्वयंपाकघरातले जवसाचे तेल रंगात जायचे, आणि टर्पेंटाइनचा वास दुधाला लागायचा. "चहात बी रंग, अन् भाजीत बी रंग," त्या म्हणत. "एक दिवस मीच हिरवी पडीन, मंग पाहा."

गावातले लोक त्यांना आबाजी म्हणत आणि दोन हात लांब राहत. मानोऱ्याचे एक सोयरे हौसेने स्वतःचे चित्र काढवून घ्यायला आले होते. आठवडाभर आमच्याकडे राहिले. चित्र पुरे झाल्यावर पाहिले, तर गळ्यावरचे आवाळू जसेच्या तसे.

"आबाजी, हे काय चिकटवलं गळ्याले?"

"चिकटवलं नाई. तुमच्या गळ्याले हाये थे."

"अहो, पन गावाले दाखवाचं हाये मले!"

"मंग गावाले माईत नाई काय?"

सोयरे न जेवता गेले. पुरणपोळ्या केलेल्या होत्या. मामंजींनी त्यांच्याही वाटच्या खाल्ल्या.

अशा माणसाच्या हाती एकदा अकोल्याचे वर्तमानपत्र लागले. मुंबईतले एक कलामंडळ दरवर्षी चित्रांचे प्रदर्शन भरवते, त्यासाठी कुणीही चित्र पाठवावे, परीक्षक निवड करतील, असे त्यात होते. मामंजींनी ते मोठ्याने वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "कोनीबी. मंजे मी बी आलो."

चित्र आधीच तयार होते, हे आम्हाला तेव्हा कळले. गोठ्यात लपून बसून त्यांनी सासूबाईंना रंगवले होते. सासूबाई परसात अंबाडी निवडायला बसल्या आहेत, पदर मांडीवर ओघळला आहे, केस पांढरे, एक पाय पुढे पसरलेला, आणि त्या पायाची टाच भेगांनी फुटलेली. मला ते पाहवेना, आणि त्यावरून नजरही काढवेना. त्या अगदी तशाच बसत.

सासूबाई रिठदच्या चांगल्या घरातल्या. शेजारी हळदीकुंकवाला जायचे तरी पाटल्या, पुतळ्यांची माळ, नथ असे सगळे अंगावर हवे. चित्र पाहून त्यांनी आधी स्वतःचे पाय लुगड्याखाली घेतले. मग म्हणाल्या, "घरात एवढं सोनं हाये, अन् तुमाले माह्या पायाच्या भेगाच दिसल्या काय?"

"सोनं पेटीत व्हतं," मामंजी म्हणाले. "भेगा समोर व्हत्या."

"हे मुंबईले गेलं, त मी रिठदले गेली समजा."

मामंजींनी ते मनावर घेतले नाही. ते चित्रासाठी खोके करायला सुताराकडे गेले, आणि इकडे सासूबाईंनी दमणी जुंपायला लावली. नातवंडे व्हायच्या वयाची बाई रुसून माहेरी गेली! घराचा सगळा भार माझ्या एकटीवर आला. वर भाकरी थापताना, पाणी भरताना, सारवताना, जिथे तिथे मामंजी मला थांबवून ठेवायचे. कारण आता घरात दुसरे पाहण्यासारखे कुणी उरले नव्हते. शेवटी भाजीत रोज मीठ चुकायला लागले तेव्हा मामंजी स्वतः रिठदला गेले. सासूबाईंची अट एकच. मुंबईला चित्र जायचे असेल, तर शालू नेसून आणि नथ घालून.

त्यांनी तसेही चित्र काढले. जरीचा काठ रंगवताना रोज एवढे सुस्कारे टाकत, की शेजारच्या काकू घरात कुणी आजारी आहे का म्हणून विचारून गेल्या. नथ फार सुरेख उतरली. नथीच्या मागे कोण आहे, ते मात्र ओळखू येत नव्हते. ते चित्र मुंबईला गेले आणि "निवड झाली नाही" असा शेरा घेऊन परत आले.

"मी सांगतलं व्हतं," मामंजी म्हणाले. त्यांच्या तोंडावर दुःख कुठेच नव्हते.

सासूबाई मात्र ताठ झाल्या. "मंजे? मी त्याईले पसंत नाई पडली?"

"चित्र पसंत नाई पडलं."

"चित्रात मीच हावो ना! काढा थे भेगावालं. पाठवा. पाहू द्या त मले, त्याईले कशी बाई पायजे!"

आता सुटलो, असे मला वाटले. पण ज्या चित्रासाठी बायकोला माहेरी जाऊ दिले, ते चित्र आता मामंजींना अपुरे दिसू लागले. वर्षभर सासूबाई रोज तिसऱ्या प्रहरी परसात बसल्या. पाय पुढे करून बसायचे, आणि उजेड गेला की उठायचे. मामंजींनी चेहरा रंगवायचा, दुसऱ्या दिवशी पुसायचा. सासूबाईंचे गुडघे धरायला लागले. "माहा जीव जाईन, पन तुमच्यानं माहं तोंड व्हनार नाई," त्या म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसत. चित्र पोचण्याची मुदत जवळ आली तरी हात थांबेना. अखेर मामंजी दुपारचे झोपले असताना यजमानांनी चित्र लाकडी घोडीवरून उतरवले, ओल्या रंगाला काही लागू नये म्हणून चारी बाजूंनी पट्ट्या मारल्या आणि खोके बंद केले. खिळ्यांच्या आवाजाने मामंजी जागे झाले. "नाकाचा कोना राह्यला रे!" म्हणत ते दमणीमागे वेशीपर्यंत धावले. तिथे यजमानांनी त्यांना आत ओढून घेतले. कारंज्याच्या स्टेशनावर छोट्या गाडीत खोके चढेपर्यंत त्यांचे नाकाचेच चालले होते, असे यजमान पुढे सांगत.

चित्राबरोबर पाठवायचा कागद इंग्रजीत भरायचा होता. ते काम त्याआधीच मंगरूळच्या शाळेतल्या मास्तरांकडे गेले होते. मास्तर कोकणातून नव्यानेच आलेले. त्यांनी विचारले, "चित्राचे नाव काय लिहू?" मामंजी अडले. बायकोचे नाव त्यांनी जन्मात घेतले नव्हते. शेवटी ते म्हणाले, "लिवा, घरचं मानूस." आमच्याकडे नवरा बायकोबद्दल चारचौघांत असेच बोलतो. मास्तरांनी त्यांना समजले तसे इंग्रजीत लिहिले.

चित्राची निवड झाली! गावात जो तो विचारायला येऊ लागला. कधी निघता म्हणून यजमानांनी विचारले, तर मामंजी गोठ्यातून हलायला तयार नाहीत. "म्हैस आज-उद्या विनार हाये. मंग तिचं पोट असं दिसनार नाई. तुमी जाऊन या." ज्या चित्रापायी दोन वर्षे घर वेठीला धरले, ते टांगलेले पाहायला ते म्हशीमुळे आले नाहीत. शेवटी यजमान, सासूबाई आणि मी गेलो.

सासूबाई शालू नेसल्या होत्या. अंगावर सगळे सोने. त्या मोठ्या दालनात चित्र एका कोपऱ्यात होते, पण उजेड चांगला होता. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. लोक येत, चित्राकडे पाहत, त्यांच्या अंगावरूनच पुढे जात. चित्रातली बाई शेजारी उभी आहे हे कुणाच्या ध्यानात आले नाही. "एवढी थकली व्हय मी?" त्या हळूच म्हणाल्या. मग खालच्या चिठ्ठीकडे बोट करून त्यांनी यजमानांना विचारले, "काय लिवलं हे?"

यजमानांनी अक्षरे जुळवत वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. "घरची लक्ष्मी," ते म्हणाले.

"तुया बापाले एवढं सुचत नाई. खरं सांग."

त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी यजमानांनी खाली मान घालून सांगितले, "मोलकरीन."

मला वाटले, आता त्या रडतील, नाहीतर सगळे दालन डोक्यावर घेतील. त्यांनी पदर सारखा केला आणि चित्राकडे पुन्हा एकदा पाहिले. "असू दे," त्या म्हणाल्या. "काम त जल्मभर थेच केलं." परतीच्या गाडीत त्यांनी नथ काढून रुमालात बांधली.

घरी पाय ठेवला तर मामंजींचा पहिला प्रश्न, "उजेड कोन्या बाजूनं येते तिथं?"

"उजव्या," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "अन् मोलकरीन म्हनते मले तिथं."

यजमानांनी चिठ्ठीचे सांगितले. मामंजी तसेच उठले आणि भर उन्हात दमणी जुंपून मंगरूळला गेले. मास्तर बिचारे घाबरून गेले. "आबाजी, मला वाटलं घरकामाचं माणूस. पत्नी आहे असं का नाही सांगितलंत?" "सांगतलं ना! घरचं मानूस मंजे काय ढोर राह्यते काय?" दोघांनी मिळून चूक दुरुस्त करा म्हणून मुंबईला कळवले. उत्तर आले नाही. आली ती फक्त सूचना, की प्रदर्शन संपले आहे, आपले चित्र घेऊन जावे.

"जात नाई," मामंजी म्हणाले. "ज्याईले मानूस वळखू येत नाई, त्याईच्या दारात जाऊन मी तिले परत मांगू काय? त्याईनं आनून द्यावं. माफी मांगून."

यजमान भांडले, हात जोडले. मी सासऱ्यांसमोर कधी तोंड उघडले नव्हते, पण त्या दिवशी दाराआडून म्हणाले, "मामंजी, आणवा हो ते." त्यांनी ऐकले नाही. मुंबईहून माफी मागायला कोण येणार होते? पण हा माणूस खरोखर वाट पाहत होता. वेशीवर मोटार वाजली, की उठून बाहेर जायचा.

दुसऱ्या वर्षी ज्वारी काढायच्या दिवसांत सासूबाई तापाने गेल्या. चित्राबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. दिवसकार्य आटोपले आणि यजमान बापाला न सांगता मुंबईला गेले. तिथल्या कारकुनाने सांगितले, की न नेलेली चित्रे मंडळ फार दिवस ठेवत नाही. ते चित्र एका कुटुंबाने नेले, नाव कुणाला आठवत नाही. परत येऊन यजमानांनी बापाला तेवढे सांगितले, आणि कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणे टाकले.

मामंजींनी परसात घोडी मांडली, नवा मांजरपाट ताणला. तिसऱ्या प्रहरी रंग कालवून बसायचे आणि दिवस मावळला की घासून टाकायचे. मी चहा घेऊन गेले, तर कोऱ्या मांजरपाटाकडे पाहत म्हणाले, "मले दिसून नाई राह्यली, सूनबाई." मला त्यांची दया यायला हवी होती. मला आला तो संताप, कारण मला त्या स्पष्ट दिसत होत्या, आणि चित्र काढता येत नव्हते. पुढे त्यांनी घोडी उचलून ठेवली ती ठेवलीच. ते गेले तेव्हा यजमानांनी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

शालूतले चित्र अजून आमच्या बैठकीत आहे. नातवंडे नथीचे कौतुक करतात. दुसरे मुंबईत कुठल्याशा घरात असेल, मागे ती इंग्रजी चिठ्ठीही असेल. ही बाई कोण, असे कुणी विचारले, तर त्या घरचे लोक चिठ्ठीत पाहून सांगत असतील. मी आता सासूबाईंहून वयाने मोठी झाले, तरी हे मनात आले की मामंजींशी भांडावेसे वाटते. कुणाच्या पाहण्यात ते चित्र आले, अंबाडी निवडत बसलेली, पाय पुढे पसरलेली म्हातारी बाई, तर त्या लोकांना माझा एवढा निरोप द्यावा. त्यांचे नाव गोदावरीबाई.